खाली म्हणजे नेमकं कुठे?

कुठलीही मराठी संस्था घ्या. गृहनिर्माण सोसायटी, गणेशोत्सव मंडळ, बचत गट, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. तिच्या मुळाशी एक एक्सेलची फाइल असते आणि ती एकाच माणसाला कळत असते. अध्यक्ष येतात-जातात, हार घालून घेतात, राजीनामे खिशात ठेवून हिंडतात. फाइलवाला जागचा हलत नाही. त्याला हलवायचं तर आधी ती फाइल समजून घ्यावी लागेल, आणि लोकशाहीची एवढी हौस कोणालाच नसते.

आमच्या सोसायटीत हा मान खजिनदारकाकांकडे आहे. काका सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण त्याआधी एमएस-सीआयटी पास झाले. परीक्षा दिल्याशिवाय वेतनवाढीचं खरं नाही असं कळल्यावर त्या वयातही त्यांनी माउस हातात धरला. वेतनवाढीसाठी शिकलेली विद्या मरेपर्यंत साथ देते. त्यामुळे आज आमच्या ९६ फ्लॅटांचा मेंटेनन्स, थकबाकीवरचं व्याज, पार्किंग, भाडेकरू आणि पावसाळ्यात जिन्यात छत्र्या वाळवल्याचे दंड, असा सगळा संसार त्यांच्या एका शीटवर नांदतो.

शीट म्हणजे काही लहान जागा नव्हे. २००३च्या एक्सेलपर्यंत तिच्यावर ६५,५३६ ओळी होत्या. २००७ साली मायक्रोसॉफ्टने बरोबर सोळापट एफएसआय मंजूर केला आणि त्या १०,४८,५७६ झाल्या. आम्ही त्यातल्या शंभरसुद्धा वापरलेल्या नाहीत. खाली दहा लाखांवर ओळी मोकळ्या पडून आहेत, हे एखाद्या बिल्डरच्या कानावर गेलं तर दुसऱ्या दिवशी तो पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन दारात उभा राहील.

काकांना मात्र ९६ ओळींतही रस नसतो. त्यांना रस थकबाकीदारांत. म्हणून ते फिल्टर लावतात. शीर्षकाच्या ओळीत लहानसा बाण येतो, त्यावर टिचकी मारली की यादी उघडते, 'भरले'वरची खूण काढायची, 'बाकी'वरची ठेवायची, ओके. लगेच नव्वद कुटुंबं पडद्यावरून नाहीशी होतात आणि सहा उरतात. डावीकडे ओळींचे आकडे निळे पडतात: ५, १९, २८, २९, ६१, ९०. खाली पट्टीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहून येतं की ९६ नोंदींपैकी ६ सापडल्या. तेवढं वाचून काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते पोलीस निरीक्षकाच्या चेहऱ्यावर बघायला मिळतं.

उरलेले नव्वद फ्लॅट गेले कुठे? कुठेही नाही. जागच्या जागी आहेत, फक्त त्यांच्या ओळींची उंची शून्य झाली आहे. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तसं ओळ लपवली म्हणून सभासद पाणी भरायचा थांबत नाही. पण हे डोळ्यांना पटत नाही. ५ नंतर १९ दिसलं की डोळे म्हणतात, शेजारी आहेत. आणि इथूनच सगळी भानगड सुरू होते.

कारण एक्सेलमध्ये खाली जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोघांचं 'खाली' वेगवेगळं आहे. कीबोर्डवरची खालची बाणाची कळ दाबा. कर्सर ५ वरून थेट १९ वर उतरतो. ही कळ म्हणजे पंगतीत मुरलेला वाढपी. रिकामा पाट दिसला की तो न थांबता पुढे सरकतो. मॅक्रो, म्हणजे एक्सेलला आधीच लिहून दिलेली आज्ञांची यादी, हाही वाढपीच, पण भाड्याने आणलेला. त्याला 'एक पान पुढे' असं सांगितलं की तो मोजून एक पान पुढे जातो आणि रिकाम्या पाटासमोर वाकून जिलबीचा आग्रह करत बसतो.

मॅक्रोच्या भाषेत ही आज्ञा अशी: ॲक्टिव्हसेल डॉट ऑफसेट, कंसात एक, स्वल्पविराम, शून्य, कंस पूर्ण, डॉट सिलेक्ट. म्हणजे आहेस तिथून एक ओळ खाली आणि शून्य कॉलम उजवीकडे. यात दिसण्याचा, लपण्याचा, फिल्टरचा कुठे उल्लेखच नाही. ५ च्या खाली ६. मग ६ नंबरच्या ओळीची उंची शून्य असो की दीड फूट. मॅक्रो ६ वर जाऊन उभा राहतो. डावीकडे वर जी नावाची चौकट असते तिच्यात 'ए६' असं स्वच्छ लिहून येतं, आणि पडद्यावर मात्र ५ च्या खाली १९. कर्सर आहे, पण दिसत नाही. काकांनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला, मग मॉनिटर पुसला, आणि शेवटी काकूंना हाक मारून विचारलं, "अगं, तुला इथे हिरवी चौकट दिसतेय का?"

काकांनी मॅक्रो लिहिला नव्हता, रेकॉर्ड केला होता. एक्सेलमध्ये ही सोय आहे. रेकॉर्डरचं बटण दाबायचं, आपलं काम एकदा करून दाखवायचं, आणि यंत्र शेजारी बसून ते टिपून घेतं. पुढच्या महिन्यापासून एका कळीत सगळं. काकांनी काम करून दाखवलं: फिल्टर लावला, शीर्षकावरून बाणाने खाली आले, थकबाकीदाराचं नाव आणि रक्कम उचलली, नोटिशीच्या शीटवर नेऊन चिकटवली, छापली, परत आले, पुन्हा बाण खाली. सहा थकबाकीदार, सहा नोटिसा. त्या संध्याकाळी काकांनी कमिटीला चहा पाजला आणि 'ऑटोमेशन' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की वॉचमनला वाटलं आपली नोकरी गेली.

आता रेकॉर्डरने नेमकं काय टिपलं होतं ते पाहा. काकांनी बाण दाबला तेव्हा त्यांच्या मनात होतं, 'पुढच्या थकबाकीदाराकडे चल'. रेकॉर्डरला मन दिसत नाही. त्याला दिसलं की कर्सर १ वरून ५ वर गेला. त्याने लिहिलं, चार ओळी खाली. मग ५ वरून १९: चौदा ओळी खाली. मग नऊ, मग एक, मग बत्तीस, मग एकोणतीस. त्या महिन्यात कोणाचे पैसे आले होते आणि कोणाचे नव्हते, याचा तो नकाशा यंत्राने कायमचा उरात कोरून घेतला. आणि ही 'रिलेटिव्ह' बटण दाबलेली शहाणी पद्धत बरं का. ते बटण दाबलं नसतं तर रेकॉर्डरने सरळ ए५, ए१९, ए२८ अशी घरांची नावंच लिहून ठेवली असती.

पुढच्या महिन्यात नोटिसा गेल्या. त्याच सहा घरांत. त्यातल्या चौघांनी पहिली नोटीस बघून निमूट पैसे भरले होते. त्यांना आता पैसे भरल्याबद्दल नोटीस मिळाली. नव्याने थकलेल्या पाच जणांकडे कोणी फिरकलं नाही. त्यांनी आपापसांत असा निष्कर्ष काढला की कमिटी यंदा सौम्य आहे.

तिसऱ्या महिन्यात काकांनी सुरुवात शीर्षकाच्या ओळीपासून न करता पहिल्या दिसणाऱ्या थकबाकीदारावर क्लिक करून केली. सगळा नकाशा काही ओळींनी खाली घसरला. या वेळच्या नोटिसा कोणाला गेल्या याला काही तर्क उरला नव्हता, त्यामुळे त्या अतिशय निष्पक्ष होत्या. एक नोटीस गेली बी विंगमधल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांना. हे साहेब दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहाच्या आत चेक आणून देतात. त्यावर दोन रेघा मारलेल्या असतात, मागे फ्लॅट नंबर लिहिलेला असतो, आणि पावती हातात पडेपर्यंत ते ऑफिसच्या दारातून हलत नाहीत. नोटिशीतली 'थकबाकी रुपये ०' अशी ओळ त्यांनी लाल पेनाने अधोरेखित केली आणि खाली लिहिलं, 'सदर रक्कम कोणत्या पद्धतीने भरावी?'

मग तज्ज्ञ मंडळी जमली. सोसायटीत पाण्याचा पंप बिघडला तर माणूस मिळत नाही, पण एक्सेल बिघडलं की विंगागणिक तीन मिळतात.

सी विंगमधला मुलगा हिंजवडीत आयटीत आहे. तो म्हणाला, "सोप्पंय काका. एक ओळ उतरायचं, लपलीये का बघायचं, लपलेली असेल तर अजून एक उतरायचं. लूप." त्याने उभ्याउभ्या टाइप केलं. डू, ऑफसेट, लूप व्हाइल एंटायररो डॉट हिडन. मॅक्रो ५ वरून ६, ७, ८ करत, प्रत्येक दार वाजवत १९ वर आला आणि थांबला. टाळ्या. हा उपाय अगदी बरोबर होता. फक्त थांबायचं कुठे हे त्यात नव्हतं. ९७व्या ओळीला सोसायटी संपली, ९८वी ओळ लपलेली नव्हती, म्हणून मॅक्रोने तिलाही नोटीस काढली. मग ९९, मग १००. 'श्री. (कोरी जागा), फ्लॅट क्रमांक (कोरी जागा), आपल्याकडे रुपये (कोरी जागा) इतकी थकबाकी असून...' प्रिंटर मोकळ्या प्लॉटांना नोटिसा काढत सुटला. दहा लाखांवर पत्ते अजून बाकी होते. सुदैवाने कागद संपला. सरकारी कामाचा अनुभव असल्याने काकांनी कागद नेहमीच बेताने भरलेला असतो.

दुसरे तज्ज्ञ खुद्द ते बँकवाले साहेब. राग गिळून ते मदतीला आले, कारण चुकीचा हिशोब त्यांच्याने बघवत नाही. त्यांची कारकीर्द लोटस १-२-३ वर गेलेली. हे सॉफ्टवेअर १९८३चं, आणि त्यातला मॅक्रो म्हणजे खरोखरच दाबलेल्या कळांची यादी असायची. 'डाउन' लिहिलं की डाउनची कळ दाबली जायची. साहेब म्हणाले, "अहो, हाताने दाबलेला बाण जर बरोबर जातो, तर मॅक्रोलाच बाण दाबायला लावा की." युक्तिवादात खोट नव्हती. एक्सेलमध्ये सेंडकीज नावाची आज्ञा आहे, ती कळ दाबल्यासारखं करते, आणि तसा दाबलेला बाण फिल्टर पाळतो. प्रश्न एवढाच की ही कळ जी खिडकी समोर उघडी असेल तिच्यात जाते. साहेबांनी मॅक्रो चालवला तो मॅक्रो लिहायच्या खिडकीतून. त्यामुळे यादी जागेवर राहिली आणि कर्सर त्यांनी लिहिलेल्या मॅक्रोतूनच एकेक ओळ खाली उतरत गेला. साहेब शांतपणे बघत होते. तळाशी पोचल्यावर म्हणाले, "लोटसमध्ये दुसरी खिडकीच नव्हती."

खरा उपाय सांगितला डी विंगमधल्या मुलीने. ती सीएची आर्टिकलशिप करते, म्हणजे दिवसातले बारा तास दुसऱ्यांनी लपवलेल्या ओळी शोधणं हाच तिचा अभ्यासक्रम. ती म्हणाली, "काका, मुळात एकेक ओळ चालायचंच कशाला? दिसणारे सेल आधी एकत्र गोळा करा आणि मग फक्त त्यांच्यावरून फिरा. सिलेक्टसुद्धा करायला नको." याला स्पेशलसेल्स म्हणतात. हाताने करायचं असेल तर ऑल्ट दाबून धरायचं आणि अर्धविरामाची कळ दाबायची. नुसते दिसणारे सेल निवडले जातात, लपलेल्यांना धक्का लागत नाही. ही जोडकळ आमच्या सोसायटीत आधीच कोणाला माहीत असती तर दोन विशेष सभा वाचल्या असत्या.

तरी एक्सेल सहजासहजी हार मानत नाही. दिसणारे सेल गोळा केले की त्याच्या लेखी ते एकसंध राहत नाहीत, तुकडे पडतात. ५ हा एक तुकडा, १९ दुसरा, २८ आणि २९ शेजारी म्हणून मिळून तिसरा, ६१ चौथा, ९० पाचवा. आता विचारा, किती ओळी? उत्तर येतं, एक. कारण ओळी मोजताना ते फक्त पहिल्या तुकड्याकडे बघतं. सेल मोजायला सांगितले तर मात्र सहा म्हणतं. एकाच यादीबद्दल एकाच यंत्राची दोन उत्तरं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. हे ऐकून आमच्या अध्यक्षांना एक्सेलबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

आणखी एक खोडी. शोधायला एकच सेल दिला तर स्पेशलसेल्सला वाटतं, एवढ्याशा कामासाठी आपल्याला कोण बोलावणार? तो तुमची आज्ञा सोडून शीटच्या वापरात असलेल्या सगळ्या भागात शोध घेतो. म्हणजे एकाच माणसाकडे बघायला सांगितलं की मॅक्रो सगळी सोसायटी उचलतो. यामागे काय तत्त्व आहे मला ठाऊक नाही, पण पोलीस ठाण्यात असंच चालतं असं ऐकतो.

आणि समजा, कोणीच थकबाकीदार नसला तर? गृहनिर्माण सोसायटीत हा प्रश्न काल्पनिक आहे, पण आर्टिकलशिपवाली मुलगी कसून तयार झालेली. तिने चाचणीसाठी सगळ्यांचे पैसे भरल्याचं दाखवलं आणि मॅक्रो चालवला. खटकन चौकट आली. एरर १००४, एकही सेल सापडला नाही. मॅक्रो जागीच आडवा. म्हणजे ज्या दिवशी सोसायटीतला प्रत्येक सभासद वेळेवर पैसे भरेल तो दिवस एक्सेलच्या मते बिघाडाचा. त्यावर तोडगा म्हणून तिने एक ओळ घातली: ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. अर्थात, काही बिघडलं तर दुर्लक्ष करून पुढचं काम चालू ठेवावे. काकांनी ही ओळ वहीत उतरवून घेतली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचं सगळं खातं याच ओळीवर चालायचं, फक्त ती लिहून ठेवण्याची हिंमत कोणी केली नव्हती.

मॅक्रोचं जाऊ द्या, साधी पेस्टसुद्धा आंधळी असते. काकांनी बँकेच्या स्टेटमेंटातून सहा रकमा उचलल्या आणि फिल्टर लावलेल्या यादीत पहिल्या थकबाकीदारासमोर पेस्ट केल्या. ५ वर एक बसलेली दिसली. बाकीच्या पाच? ६, ७, ८, ९, १०, सगळ्या लपलेल्या घरांत. फिल्टर काढल्यावर पाच सज्जनांनी मेंटेनन्स दोनदा भरल्याचं निष्पन्न झालं आणि त्यांतल्या एकाने परतावा मागितला. बेरजेचंही तेच. साधा सम लपलेल्यांसकट सगळ्यांना मिळवतो. सबटोटल नावाचं वेगळं सूत्र आहे. त्यात आधी ९ लिहिलं तर फिल्टरने लपवलेलं सोडून बेरीज होते, पण हाताने लपवलेलं धरलं जातं. १०९ लिहिलं तर दोन्ही सोडतं. ९ आणि १०९ यांत फरक फक्त नजरेच्या शरमेचा.

बरं, चुकलं तर मागे फिरता येईल म्हणावं तर तेही नाही. माणसाने हाताने केलेली चूक कंट्रोल झेडने परत घेता येते. मॅक्रोने शीटवर काही बदललं की ही वाट बंद. उलट त्याच्या आधी तुम्ही हाताने जे काही केलं होतं त्याचीही नोंद तो जाता जाता पुसून टाकतो. काका कंट्रोल झेड दाबत राहिले. लिफ्ट येत नसताना लोक बटण दाबतात त्याच श्रद्धेने. शेवटी सी विंगमधला मुलगा हळूच म्हणाला, "काका, ते गेलं आता." त्या दिवसापासून काका मॅक्रो चालवण्याआधी फाइलची एक प्रत काढून पेन ड्राइव्हवर ठेवतात आणि पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात.

आमच्या सोसायटीची नव्वद ओळींची ही कथा. आता गोऱ्या साहेबांच्या देशांतली सांगतो, म्हणजे काकांवर अन्याय होणार नाही. १५ सप्टेंबर २००८ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली अवाढव्य बँक बुडाली. तिचा तिथला धंदा बार्कलेज या दुसऱ्या बँकेने घ्यायचं ठरवलं. कुठले करार घ्यायचे आणि कुठले नाहीत, याची एक एक्सेल यादी तयार झाली, सुमारे हजार ओळींची. नको असलेले १७९ करार त्या यादीतून काढले नव्हते. नुसते लपवले होते. यादी संध्याकाळी बार्कलेजच्या वकिलांकडे आली आणि मध्यरात्रीच्या आत न्यायालयात दाखल करायची होती. तिथल्या एका कनिष्ठ वकिलाने ती जरा नीटनेटकी केली आणि पीडीएफ काढली. नीटनेटकी करताना लपलेल्या ओळींची उंची परत आली आणि १७९ करार मान वर करून पीडीएफमध्ये येऊन बसले. यादी दाखल झाली, मंजूर झाली. पुढे हे लक्षात आल्यावर 'ते आम्हाला घ्यायचे नव्हते हो' असं न्यायालयाला सांगायला वकिलांना वेगळा अर्ज करावा लागला. मी ही हकिगत काकांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "त्या पोराची वेतनवाढ रोखली का?"

उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी तर ऑगस्ट २०२३मध्ये कमाल केली. आपल्या माहिती अधिकारासारखाच तिकडचा कायदा आहे. त्याखाली कोणीतरी विचारलं की अमुक हुद्द्यावर माणसं किती? उत्तरादाखल एक शीट पाठवली गेली. तिच्या पोटात एक लपवलेली शीट राहून गेली होती, आणि तिच्यात ९,४८३ पोलीस व कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं. जिथे पोलिसांच्या घराण्यांत मुलांनासुद्धा बाबा कुठे नोकरीला आहेत हे बाहेर सांगू देत नाहीत, तिथे. इथे विनोद करवत नाही, म्हणून पुढे जातो.

पुढे म्हणजे आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत. काकांनी हिशोब यंदा प्रोजेक्टरवर मांडायचं ठरवलं. भिंत ऑफिसची, प्रोजेक्टर सी विंगमधल्या मुलाचा, एक्स्टेन्शन बोर्ड मंडपवाल्याचा. फिल्टर काढून ठेवला होता, ओळी १ पासून ९७ पर्यंत सलग होत्या, मॅक्रो मुलीने दुरुस्त केलेला होता. एक थकबाकीदार निवडून काकांनी प्रात्यक्षिकही करून दाखवलं. नोटीस बरोबर माणसाची निघाली. माणूस सभेतच होता, त्याने उठून नमस्कार केला. सर्व काही सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात ए विंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापक सरांनी हात वर केला. सरांचं सगळं आयुष्य हजेरीपटात गेलेलं. आकड्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते वरची इंग्रजी अक्षरं वाचत होते.

"खजिनदार, एक शंका. जे, के, आणि मग एकदम एम. मधला एल कुठे गेला?"

सभेत शांतता पसरली. काका म्हणाले, "तो... कामाचा कॉलम आहे, सर."

"मग काम दाखवा."

"त्यात विशेष काही नाही."

"विशेष नसेल तर हरकत नसावी."

मागून तीन-चार जण म्हणाले, दाखवा दाखवा. पुनर्विकासाला विरोध असणारे आणि पाठिंबा असणारे या एका मुद्द्यावर एकत्र आले. अध्यक्षांनी मतदानाला टाकू का असं विचारलं, पण तोवर प्रोजेक्टरच्या मालकाने लॅपटॉपवर वाकून के आणि एम निवडले होते, उजवी क्लिक केली होती, आणि अनहाइड. भिंतीवर एल उघडला. वर शीर्षक होतं 'शेरा'. ९६ सभासद माना उंचावून आपापला फ्लॅट शोधू लागले.

१०४: 'गोड बोलून घ्यावे.' २०३: 'चेक वटेपर्यंत पावती देऊ नये.' ३०१: 'आधी वहिनींशी बोलावे.' ५०२: 'दिवाळीनंतर देतो म्हणतात. कोणत्या, ते सांगत नाहीत.' बी विंगमधल्या बँकवाल्या साहेबांच्या फ्लॅटसमोर: 'एक तारखेला ऑफिस उघडे ठेवणे, नाहीतर मागचा-पुढचा सगळा हिशोब मागतात.' अध्यक्षांसमोर नुसतीच दोन उद्गारचिन्हं.

आणि ए-४०२, सरांच्या फ्लॅटसमोर: 'एल कॉलम याच्यासमोर उघडू नये.'

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंतीजवळ जाऊन ती ओळ दोनदा वाचली, आणि 'याच्या'वर अनुस्वार हवा होता, आदरार्थी, एवढं इतिवृत्तात नोंदवून घ्यायला सांगितलं.